मी झाडं काढायचो

लग्नकार्यात, डॉक्टरकडे नंबर लावून बसलेलं असताना, कुणी विचारलं, "आपण काय करता?" की माझं उत्तर ठरलेलं असायचं. "मी झाडं काढतो."

समोरचा दचकायचा. "म्हणजे तोडायचं कॉन्ट्रॅक्ट वगैरे?"

मी थोडा वेळ जाऊ द्यायचो आणि मग म्हणायचो, "नाही हो, कागदावर काढतो. आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन आहे." हशा व्हायचा. मी मुळात फार बोलणारा माणूस नाही. अठ्ठावीस वर्षं या एका विनोदावर मी चारचौघांत वेळ निभावून नेली.

आता तो विनोद मी करत नाही. या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'व्यवसायातल्या गमतीजमती' मागितल्या होत्या. गमती आहेत, सांगतो. पण नुसत्या गमती लिहून पानं भरली तर ते आणखी एक खोटं ड्रॉईंग होईल, आणि तशी मी आयुष्यात पुरेशी केली आहेत.

मी मोहन्याचा. वडील तिथल्या कारखान्यात होते. कामगारांच्या क्वार्टर्सच्या रांगांमधून मोठमोठी झाडं होती, आणि मे महिन्यातसुद्धा आम्ही भर दुपारी बाहेर गोट्या खेळायचो. त्यात काही विशेष आहे असं तेव्हा वाटायचं नाही. आयटीआयचा कोर्स करून ठाण्याला एका आर्किटेक्टकडे लागलो. टेंभी नाक्यावरून आतल्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर ऑफिस. नवरात्रात देवीच्या गर्दीमुळे तिथून स्कूटर बाहेर निघायची नाही. दहा दिवस चालतच जायचं. साहेबांचं नाव इथे सबनीस ठेवतो. स्वभावाने चांगला माणूस होता, मला मुलासारखं वागवलं. हेही लिहायलाच हवं, कारण पुढचं वाचून तुम्हाला ते कुणी राक्षस वाटतील. तसे नव्हते. आम्ही कुणीच तसे नव्हतो, तरी झालं ते झालंच.

आमचा धंदा बाहेरच्याला समजावा म्हणून थोडक्यात सांगतो. बिल्डिंग बांधायची तर आधी नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. नकाशात रंगांची भाषा असते. बांधायचं ते लाल, पाडायचं ते पिवळं. पाण्याची लाईन, गटार, गेट, गाड्यांच्या जागा, सगळ्याला खूण आहे. झाडालाही आहे: एक वर्तुळ आणि त्यात पाकळ्यांसारख्या रेघा. मी लागलो तेव्हा त्याचा रबरी शिक्का मिळायचा. खोटं वाटेल, पण स्टेशनरीच्या दुकानात झाडाचा शिक्का! साहेब पाठीमागून येऊन ड्रॉईंगवर नजर टाकायचे. "दिनू, हा कोपरा बोडका दिसतोय रे. चार ठोक." मी पॅडवर शिक्का दाबून चार झाडं ठोकायचो. पुढे कॉम्प्युटर आले. मग एक झाड काढलं की त्याची शंभर करायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागेना.

सावलीला मात्र खूण नाही. वाऱ्याला नाही. प्रत्येक नकाशावर उत्तर दिशेचा बाण असतो, तो काढल्याशिवाय कागद पुढे सरकतच नाही. अठ्ठावीस वर्षांत त्या बाणाकडे बघून मला एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही की दुपारचं ऊन कुठल्या भिंतीवर येणार, किंवा खाडीवरचा वारा कुठल्या खिडकीतून आत येणार. विचारायचे ते एवढंच, की देवघर ईशान्येला येतंय ना? संडास तर येत नाही ना? एका शेठने वास्तुवाल्याच्या सांगण्यावरून आख्खी बिल्डिंग थोडी फिरवून घेतली. आधी पश्चिमेला जिना आणि लिफ्ट होती, आता तिकडे बेडरूम आल्या. मी पेन्सिलीने बाजूला लिहून ठेवलं, 'प. ऊन'. शेठ म्हणाला, "दिनूभाई, एसी किसलिए बना है?"

आणि तो एसी! थंड हवा तुमच्या खोलीत सोडताना तो तितकीच उष्णता, वर स्वतःची थोडी, शेजारच्याच्या खिडकीत ओततो. दोन बिल्डिंगांमध्ये जी मोकळी जागा आम्ही नकाशात 'साईड मार्जिन' म्हणून दाखवतो, तिथे आता समोरासमोर पन्नास-पन्नास पेट्या फुंकर घालत असतात. मग शेजारचाही एसी घेतो. ज्याला परवडत नाही तो मधल्यामध्ये भाजतो.

बिल्डरांवर सगळं ढकलायला सोपं आहे, म्हणून सोसायट्यांचंही सांगतो. डोंबिवलीतल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी, निवृत्त बँकवाले, मला आवाराचं ड्रॉईंग काढायला घेऊन गेले. आवारात माती होती, आणि बऱ्यापैकी मोठं जांभळाचं झाड.

"हे सगळं पेव्हर ब्लॉकने बंद करायचं," ते म्हणाले. "मातीने चपला खराब होतात."

"झाडाभोवती निदान चार फूट मोकळं ठेवू," मी म्हटलं.

"कशाला? खोडाला चिकटून लावा. जांभळं पडतात, गाड्यांवर डाग पडतात. पानांचा कचरा होतो. दर वर्षी मीटिंगमध्ये हाच विषय."

"झाड मरेल हो."

"मेलं तर मेलं. आपण तर तोडलं नाही ना?"

हे वाक्य मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं. तीन वर्षांत झाड वाळलं. त्याच सेक्रेटरींनी पुढच्या उन्हाळ्यात फोन करून विचारलं, पार्किंगवर हिरवी जाळी टाकली तर गारवा येईल का. फोनवर ओरडावंसं वाटलं होतं. ओरडलो नाही. मी "बघतो" म्हणालो. माझ्या आयुष्यातले बरेचसे गुन्हे 'बघतो' आणि 'विचारतो' या दोन शब्दांनी झालेले आहेत.

मोठ्या प्रोजेक्टमध्ये तर तळघरात पार्किंग, त्यावर स्लॅब, स्लॅबवर जेमतेम दोन फूट माती, आणि त्या मातीत मी काढलेली साठ वर्तुळं. जाहिरातीत ती साठ झाडं डौलाने उभी असायची. खाली मुळं जाणार कुठे? कुणाच्या तरी गाडीच्या टपावर? तिथे जगतात ती कुंडीतली पामची झाडं, ज्यांची सावली स्वतःच्या बुंध्यालाही पुरत नाही. एका बिल्डरने आमराई साफ करून बिल्डिंगचं नाव 'आम्रकुंज' ठेवलं आणि गेटवर फायबरचा आंबा बसवला. उन्हाने तो आंबा दोन वर्षांत पांढरा पडला. आम्ही ऑफिसात त्यावर हसत होतो. ड्रॉईंग कुणाचं? आमचंच.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

माझी थोरली बहीण, सुनंदाताई, डोंबिवली पूर्वेला जुन्या गावठाणाला लागून असलेल्या एका चारमजली बिल्डिंगमध्ये राहते. पहिला मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, खिडक्या पश्चिमेला. भाऊजी गेल्यावर तिने घरातच पाळणाघर सुरू केलं. नोकरीवाल्या आयांची दहा-बारा पोरं सकाळी येणार, संध्याकाळी जाणार. खिडकीबाहेर कंपाउंडची भिंत, आणि भिंतीपलीकडे जोमाकाकांची जमीन.

जोमाकाका तिथले मूळचे. एके काळी त्या जमिनीत भात व्हायचा. जमिनीच्या कडेला, बरोबर ताईच्या खिडक्यांसमोर, जुन्या बांधावर करंजाची तीन झाडं होती. करंज फार शहाणं झाड. ऐन चैत्रात, जेव्हा सावलीची सगळ्यात जास्त गरज, तेव्हा नव्या पानांनी गच्च भरतं. दुपारी दोनला ताईची पोरं त्या हिरव्या उजेडात ओळीने झोपलेली असायची आणि वर एकच पंखा पुरायचा. मी गेलो की ताई मला पंख्याखालच्या खुर्चीत बसवायची. "तू उन्हातून आलायस, बस आधी."

ती जमीन विकसनाला गेली. आणि काम आमच्या ऑफिसात आलं.

मोजणी मीच केली. टेपचं दुसरं टोक जोमाकाकांनी धरलं. माझी एक सवय आहे. जागेवरची मापं मी आधी लांबट निळ्या वहीत पेन्सिलीने लिहितो, मग ऑफिसात नकाशावर चढवतो. त्या वहीत तिन्ही झाडं लिहिलेली आहेत: पहिलं भिंतीपासून दोन फूट सात इंच, दुसरं दोन फूट सहा, तिसरं, कोपऱ्यातलं, दोन फूट नऊ. म्हणजे तिन्ही भिंतीला अगदी लागून, कुणाच्याही वाटेत नाहीत.

काका म्हणाले, "यो झार माजे बापानं लावलेला. तवा हितं बांद व्हता." मग टेप सोडत, "ऱ्हातील ना रं, सायेब?"

"राहतील की काका. कडेलाच आहेत."

मी खोटं बोललो नव्हतो. तोपर्यंत खरंच राहणार होती.

दोन आठवड्यांनी सबनीस साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बिल्डरला भिंतीच्या कडेने तळघराच्या पार्किंगचा उतार हवा होता, आणि पहिली दोन झाडं त्या उतारात येत होती. गाड्यांसाठी झाडं तोडायची म्हटलं की बोंब होते. पण उंच बिल्डिंगला आगीचा बंब फिरायला सहा मीटरचा मोकळा रस्ता लागतो. त्या रस्त्यात झाड आलं तर तोडायला कोण नाही म्हणणार? माणसांच्या जिवाचा प्रश्न. आणि एकदा झाडं गेली की कडेला उतार करायला कुणाची हरकत?

"दिनू, ती झाडं जरा आत घे," साहेब म्हणाले.

"आत म्हणजे?"

"चार फूट. बंबाच्या रस्त्यात येऊ देत."

"साहेब, समोर माझी ताई राहते."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "अरे, तू नाही केलंस तर बाहेरून करून घेतील. निदान आपल्याकडून नीट होईल." आणि हसून म्हणाले, "पुढे टॉवर झाला की तुझ्या ताईला टॉवरची सावली मिळेलच की."

मी जागेवर येऊन बसलो. कॉम्प्युटरवर एखादी गोष्ट सरकवायची तर आधी तिच्याभोवती चौकट ओढायची, मग सरकवायची. मी दोन झाडांभोवती चौकट ओढली, पण लक्ष नव्हतं म्हणा, ती जरा मोठी ओढली गेली. कोपऱ्यातलं तिसरं झाडही चौकटीत आलं. तिन्ही एकदम चार फूट सरकली. मला ते कळलं कागदावर प्रिंट निघाल्यावर. तिसऱ्याबद्दल कुणी काही मागितलंच नव्हतं. त्या कोपऱ्यात तेव्हा काही बांधायचंही नव्हतं. परत जागेवर नेणं अर्ध्या मिनिटाचं काम. पण मी बघत राहिलो आणि माझ्या लक्षात आलं, की तिन्ही सरकल्यामुळे ती एका रेषेत राहिली आहेत. दोनच सरकवली असती तर बांध वाकडा दिसला असता, कुणालाही शंका आली असती. तीन सरकवल्यामुळे खोटं सुबक दिसत होतं. ड्राफ्ट्समनला सुबकपणाचं व्यसन असतं. मी तसंच ठेवलं. खालच्या चौकटीत 'काढणार' या शब्दापुढे माझी आद्याक्षरं घातली.

परवानगीआधी पाहणीला एक गृहस्थ आले. कुठल्या कार्यालयातून ते लिहीत नाही. दोष त्यांचा होता त्यापेक्षा माझा मोठा. भर दुपारची वेळ. त्यांनी नकाशा माझ्या स्कूटरच्या सीटवर पसरला. स्कूटर अर्थातच मधल्या करंजाखाली, कारण आख्ख्या जमिनीत उभं राहण्यासारखी तेवढीच जागा. रुमालाने मान पुसत ते म्हणाले, "काय गार वाटतंय हो इथे!" मग मान वर करून मोजलं. "एक, दोन, तीन. नकाशात किती? तीन. बरोबर आहे." आणि सही केली. ज्याची सावली अंगावर घेतली त्याच्याच कागदावर, त्याच्याच खाली उभं राहून. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत टेप होता.

जोमाकाका जवळच होते. त्यांना वाचता येत नाही, पण चित्र कळतं. नकाशावर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, "यी भित, नि यो झार. यवऱ्या लांब कुठं हाय रं?"

मी म्हणालो, "काका, ते स्केल असतं."

"कागदावं झार सरकला म्हनून झार सरकतंय काय?"

पाहणीवाले हसले. मीही हसलो. तो हसण्याचा आवाज माझ्या कानातून जात नाही.

पौषात दोन झाडं तोडली, एका दिवसात; कोपऱ्यात तेव्हा काम नव्हतं, म्हणून तिसरं राहिलं. बदल्यात म्हणून कुठेतरी रस्त्याच्या कडेला लोखंडी पिंजऱ्यात काड्या लागल्या, आणि स्लॅबवरच्या बागेत माझी वर्तुळं. टॉवर जमिनीच्या पलीकडच्या टोकाला उभा राहिला. ताईच्या खिडकीसमोर राहिला तो पार्किंगचा उतार आणि गाड्यांसाठी केलेलं सिमेंटचं पटांगण.

तापलेलं सिमेंट काय करतं हे मी पुस्तकातून शिकलो नाही, ताईच्या भिंतीला हात लावून शिकलो. दिवसभराचं ऊन ती भिंत आत साठवते आणि सूर्य गेल्यावरही परत करत राहते. पहिल्या उन्हाळ्यात ताईने वाळ्याचे पडदे लावले, चादरी ओल्या करून टांगल्या. कुणीतरी सांगितलं म्हणून कूलर आणला. डोंबिवलीच्या हवेत आधीच पाणी. कूलरने भिंतींना बुरशी आली, गारवा आला नाही. नळाचं पाणी दुपारी इतकं तापायचं की पोरांचे हात धुवायला ती सकाळीच बादल्या भरून ठेवायची. पोरांच्या पाठी घामोळ्यांनी लाल. आणि एका दुपारी तीन वर्षांची एक मुलगी झोपेतून उठलीच नाही. अंग फणफणलेलं, डोळे अर्धवट उघडे, हाक मारली तरी बघेना. ताई तिला कडेवर घेऊन अनवाणी दवाखान्यात पळाली. मुलगी वाचली, सुखरूप आहे, आता शाळेत जाते. पण डॉक्टरांनी 'ऊन लागलं' म्हटलं. घरात, झोपेत, ऊन लागलं!

आईबाप भले होते. भांडले नाहीत. एकेक करून पोरं काढून घेतली फक्त. उरली चार. त्या चौघांना घेऊन ताई स्वयंपाकघरात सरकली, कारण त्या खिडकीवर कोपऱ्यातल्या तिसऱ्या करंजाची सावली अजून होती. गॅसशेजारी सतरंजी टाकून तिने चार उन्हाळे काढले. त्या चार पोरांच्या फीवर तिचं घर चालतं. माझ्याकडून ती काही घेत नाही.

त्या पहिल्या उन्हाळ्यातच तिने मला विचारलं होतं. "दिनू, ही झाडं कुणी काढली रे? तुझ्याच लायनीतला असणार कुणीतरी. विचार ना जरा."

"विचारतो," मी म्हणालो.

पुढच्या वर्षी, "विचारलंस का रे?" "नाही गं, राहूनच गेलं. विचारतो."

मधल्या काळात मी शहरं गार कशी करावीत यावरची भाषणं ऐकायला जाऊ लागलो. पापी माणूस कीर्तनाला जातो तसा. हॉलमध्ये एसी असा की बायकांनी पदर ओढून घेतलेले. पडद्यावर एकेक उपाय येत होते: छतं पांढरी करा, पाणी मुरेल अशी जमीन ठेवा, वाऱ्याच्या वाटा मोकळ्या सोडा, असलेली झाडं राखा. सगळं खरं आहे. एक शब्द खोटा नाही. माझा संताप होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. हे सगळं धोरण म्हणून कुठेतरी वर ठरतं आणि मरतं मात्र माझ्यासारख्याच्या टेबलावर, चार फुटांत. 'जरा आत घे' म्हणणारा एक साहेब, 'बघतो' म्हणणारा एक ड्राफ्ट्समन आणि टेप न काढता तीन मोजणारा एक माणूस. तिघेही संध्याकाळी घरी जाऊन म्हणतात, काय उकडतंय हो यंदा! भाषण संपल्यावर मी हात वर करणार होतो. केला नाही.

मागच्या वर्षी नोकरी सोडली. आणि या चैत्रात ताईचा फोन आला. "अरे, कोपऱ्यातल्या झाडाला कागद ठोकलाय. काय लिहिलंय ते बघायला ये."

झाड तोडायचं असेल तर झाडावरच नोटीस लावतात. कुणाची हरकत असेल तर मुदतीत कळवा, अशी. मी जाऊन वाचली. टॉवरचा दुसरा टप्पा येतोय, ताईच्या खिडकीसमोरच्या पटांगणात. खाडीवरून दुपारी जो काही वारा येतो तोही आता बंद होणार. आणि झाड तोडायचं कारण: 'मंजूर नकाशाप्रमाणे अग्निशमन मार्गात अडथळा.' सोबत नकाशाची छोटी प्रत. त्यात माझं वर्तुळ, भिंतीपासून चार फूट पुढे सरकलेलं. खऱ्या झाडाच्या सालीवर खिळ्याने ठोकलेलं.

हे झाड कुणीच मागितलं नव्हतं. बिल्डरने नाही, साहेबांनी नाही. त्याचा जीव चालला होता तो फक्त माझी चौकट मोठी ओढली गेली म्हणून, आणि चूक सुबक दिसली म्हणून.

मी साहेबांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "दिनू, जुनं कशाला उकरतोस? नकाशावर अक्षरं तुझी आहेत, तूच गोत्यात येशील." काळजीनेच म्हणाले असावेत.

वर गेलो. ताई पोरांच्या दुपट्यांच्या घड्या करत होती. सवयीने म्हणाली, "बस पंख्याखाली."

मी उभाच राहिलो. "ताई, ती झाडं... समोरची. ती मी काढली."

"काढली म्हणजे?"

"नकाशात. आहेत तिथे नाही काढली. पुढे काढली, रस्त्यात. म्हणून मग तोडली."

तिने हातातलं दुपटं पूर्ण घडी करून ठेवलं. मग दुसरं घेतलं. तेही घडी करून ठेवलं.

"चार वर्षं विचारतो, विचारतो म्हणत होतास," ती म्हणाली. "कुणाला विचारत होतास रे? आरशाला?"

मी खाली पडलेलं एक दुपटं उचलून तिच्यापुढे ठेवलं.

"ती पोर माझ्या कडेवर लाकडासारखी झाली होती, दिनू. तू संध्याकाळी आलास. माझ्याच हातचं सरबत प्यालास." आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं झालं असतं. "आणि मी तुला दर वेळी पंख्याखाली बसवत होते."

स्वयंपाकघरात एक पोर झोपेत कुरकुरलं. ती आत जाऊन थोपटून आली. आली ती चपला शोधायला लागली.

"टेप आहे का तुझ्याकडे?"

"आहे."

"आणि ती वही? मापांची?"

"घरी आहे. जपून ठेवलीय."

"जपून ठेवलीय!" ती म्हणाली. "चल खाली. आधी मोजू दे मला. तुझ्या तोंडच्या मापावर माझा विश्वास नाही."

शेजारणीला पोरांकडे बसवून आम्ही खाली गेलो. जोमाकाका कोपऱ्यातल्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले होते. हल्ली दिवसभर तिथेच असतात. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. ताईने त्यांना दोन वाक्यांत काय ते सांगितलं. ते उठले आणि त्यांनी हात पुढे केला. मी टेपचं टोक त्यांच्या हातात दिलं. तेच टोक, तोच माणूस. ताईने आकडा वाचला, दोनदा. भिंतीपासून खोडापर्यंत दोन फूट आठ इंच.

"वहीत दोन फूट नऊ आहे," मी म्हणालो.

काकांनी चार वर्षांत जाड झालेल्या खोडावर थाप मारली. "जारा झालाय यो. आथा तुजा कागूद बी झारापरमानं कर."

दुसऱ्या दिवशी मी हरकतीचा अर्ज घेऊन महापालिकेत गेलो. सोबत वहीच्या त्या पानाची प्रत, आणि नकाशा चुकीचा आहे, जाणूनबुजून चुकीचा आहे, असं माझ्या सहीचं निवेदन. याचं पुढे काय होईल ते मला माहीत नाही. सुनावणी व्हायची आहे. तोपर्यंत तरी झाड उभं आहे. माझ्यावर काय यायचं ते येईल. सबनीस साहेबांचा फोन परत आला नाही.

अर्जात एक रकाना होता, 'अर्जदाराचा विषयाशी संबंध'. लोक तिथे 'शेजारी', 'रहिवासी' असं लिहितात. मी लिहिलं: 'सदर झाड मी काढले आहे.'

खिडकीमागच्या बाईंनी वाचून मान वर केली. "काका, झाड उभं आहे ना अजून? मग काढलंय काय म्हणता? काढलं असेल तर हरकत कशाला?"

"उभं आहे. दोन तोडली. हे अजून नुसतं काढलंय."

"म्हणजे नकाशात होय! मग 'रेखाटले' लिहा ना. सुनावणीला गोंधळ होईल अशाने."

"होऊ दे," मी म्हणालो. "तसंच राहू द्या."

त्यांनी खांदे उडवले, शिक्का मारला आणि पोच दिली. "मूळ वही घेऊन या त्या दिवशी."

ताई बाहेर बाकावर बसली होती. आदल्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मी पोच आणि अर्जाची प्रत तिच्या हातात दिली. तिने चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं, त्या रकान्यापाशी थांबली, परत वाचलं.

"अक्षर तरी नीट काढायचंस," ती म्हणाली, आणि कागद घडी करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.